शर्यतीआधीच बाद झालेलं इंजिन

२०२६च्या मोसमात फॉर्म्युला वनमध्ये कॅडिलॅक ही जनरल मोटर्सची नवी टीम उतरली आणि रेड बुलच्या इंजिनाशेजारी फोर्डचं नाव लागलं. तेव्हापासून माझा भाचा रविवारी रेस बघता बघता एकच प्रश्न विचारतो. कॅडिलॅकच्या गाडीत सध्या फेरारीचं इंजिन आहे, जनरल मोटर्सचं स्वतःचं इंजिन यायला अजून काही वर्षं आहेत. "मामा, एवढ्या मोठ्या अमेरिकन कंपन्या, आणि त्यांना रेसचं इंजिन बनवता येत नाही?"

येतं की. साठच्या दशकात तर ते इतकं चांगलं येत होतं की फोर्डने बनवलेलं एक इंजिन ज्या शर्यतीसाठी जन्मलं, तिथे एकही फेरी न मारता बाद झालं. त्याला उत्तर म्हणून क्रायस्लरने जे इंजिन आखलं, ते गाडीत बसण्याच्या आधीच कपाटात गेलं. शेवरलेच्या एका इंजिनाला जेमतेम एक मोसम मिळाला, कारण कंपनीनेच त्याचं दार बंद केलं. यातलं एकही इंजिन ताकद कमी पडली म्हणून बाद झालं नाही. ते का, हे कळायला आधी इंजिनाच्या डोक्यात शिरावं लागेल. तंत्राचा भाग थोडासाच आहे, पण तो कळला नाही तर पुढचं भांडण नुसतं भाऊबंदकीचं वाटेल.

दर सेकंदाला दोन पिंपं हवा

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. पण पेट्रोल आत सोडणं हे सोपं काम आहे, नळ मोठा केला की झालं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण पंधरा किलो हवा लागते, आणि ती हवा वेळेत आत घेणं हे खरं अवघड काम. म्हणून इंजिनकडे आधी हवेचा पंप म्हणून बघायचं. पिस्टन खाली जातो, हवा-पेट्रोल आत ओढतो. वर येतो, दाबतो. ठिणगी पडते, स्फोट त्याला खाली ढकलतो. पुन्हा वर येतो आणि धूर बाहेर लोटतो. जो पंप जास्त हवा आत घेईल, तो जास्त ताकद देईल.

पंपाचं माप म्हणजे आपले ओळखीचे 'सीसी'. अमेरिकेत तेव्हा ते घन इंचात मोजायचे. अमेरिकेतली 'स्टॉक कार' शर्यत, म्हणजे दिसायला शोरूममधल्या गाडीसारख्या गाड्यांची शर्यत, भरवणारी संस्था म्हणजे नास्कार. तिने १९६३पासून इंजिनाला ४२८ घन इंचांची मर्यादा घातली. म्हणजे ढोबळमानाने सात लिटर, सात हजार सीसी. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या सत्तर मोटरसायकली एका बॉनेटखाली.

सात लिटरचा हा पंप मिनिटाला सात हजार फेऱ्यांनी फिरतो असं धरा. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो. हिशेब केला तर मिनिटाला साडेचोवीस हजार लिटर हवा होते. पाण्याचं दोनशे लिटरचं निळं पिंप डोळ्यांसमोर आणा, तशी दोन पिंपं दर सेकंदाला. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली सव्वा मिनिटाच्या आत रिकामी. हा कागदावरचा आदर्श आकडा झाला. प्रत्यक्षात किती हवा आत जाते, यावरच सगळी मारामारी.

आता गंमत बघा. पंपाचं माप नियमाने ठरवून टाकलं, म्हणजे फोर्ड, शेवरले आणि क्रायस्लर या तिघांकडेही जवळपास तेवढ्याच मापाचा पंप. मग पुढे जायचे दोनच रस्ते उरले: तेवढाच पंप जास्त चांगला भरायचा, नाहीतर जास्त वेगाने फिरवायचा. दोन्हींची किल्ली एकाच जागी आहे. गॅरेजवाले ज्याला नुसतं 'हेड' म्हणतात तिथे, म्हणजे सिलिंडरच्या वर बसवलेल्या झाकणात.

पंगत उठताना

हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात, हवा आत घेणारे आणि धूर सोडणारे. मंगल कार्यालयात जेवणाची एक पंगत उठते आणि दुसरी बसायला येते तो क्षण आठवा. आत यायचं दार आणि बाहेर जायचं दार शेजारी शेजारी असेल तर हात धुवायला निघालेले आणि पाट धरायला निघालेले एकमेकांना अडणारच. तीच दारं समोरासमोरच्या भिंतींना असली की एक लोंढा या बाजूने आत येतो आणि जुना त्या बाजूने बाहेर जातो. यजमानाला ओरडावं लागत नाही.

त्या काळच्या बहुतेक अमेरिकन इंजिनांत दोन्ही व्हॉल्व्ह एका ओळीत, उतरत्या छताला शेजारी शेजारी असायचे. जागा पाचरीसारखी, म्हणून नाव 'वेज'. बनवायला सोपं, स्वस्त. दुसरा प्रकार म्हणजे छत घुमटासारखं करायचं, अर्ध्या चेंडूसारखं, आणि दोन्ही व्हॉल्व्ह घुमटाच्या समोरासमोरच्या उतारांवर ठेवायचे. अर्धगोल म्हणजे 'हेमिस्फिअर', त्यावरून 'हेमी'. घुमटात व्हॉल्व्हही मोठे मावतात. आणि सात हजार फेऱ्यांना हे दार सेकंदाला अठ्ठावन्न वेळा उघडतं आणि मिटतं, त्यामुळे दार किती मोठं आणि कुठे, याने फार फरक पडतो.

झेला की झाडावर चढणं?

दाराला उघडणारा कोणीतरी लागतो. तो म्हणजे कॅम, एका दांड्यावर बसवलेला अंड्याच्या आकाराचा उंचवटा. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो आणि स्प्रिंग त्याला परत मिटवते.

अमेरिकन व्ही-एटमध्ये, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात आठ सिलिंडर बसवलेल्या इंजिनात, हा कॅमचा दांडा इंजिनाच्या पोटात, खाली असायचा, आणि व्हॉल्व्ह वर डोक्यात. मधलं अंतर कापायला लांब सळ्या: पुशरॉड. कॅम सळीला वर ढकलतो, सळी रॉकर नावाच्या तरफेला ढकलते, तरफ व्हॉल्व्हला दाबते. आपल्याकडे जुनी बुलेट ज्यांनी वापरली आहे त्यांना हे सांगायला नको. टॅपेट सेट करायला मिस्त्री बाजूचं छोटं झाकण उघडतो, सळी बोटांच्या चिमटीत धरून फिरवून बघतो, आणि 'फिरतेय पण हलत नाही' असं झालं की नट आवळतो. मी ते तासन्‌तास बघत बसलोय. ती सळी म्हणजे पुशरॉड.

कोकणात आंबे काढतात ते झेल्याने. लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं. काम छान होतं, पण कोणी म्हणालं की सेकंदाला अठ्ठावन्न आंबे काढ, तर बांबू लवलवायला लागेल, टोक हाताचं ऐकणार नाही. पुशरॉडचं तेच होतं. फेऱ्या वाढल्या की सळी वाकते, एवढं सगळं लोखंड मागे आणायला स्प्रिंग कमी पडते, आणि व्हॉल्व्ह मिटायच्या वेळी अधांतरीच राहतो. त्या पलीकडे इंजिन फिरवणं म्हणजे ते फोडणं.

उपाय साधा वाटतो: झेला टाका, झाडावर चढा, हाताने आंबा काढा. म्हणजे कॅमच उचलून डोक्यात, व्हॉल्व्हच्या उशाला बसवा. याला 'ओव्हरहेड कॅम' म्हणतात. सळ्या गेल्या, वजन गेलं, फेऱ्या वाढल्या. फक्त एक काम वाढलं. पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्यापासून, म्हणजे क्रँकपासून, वरच्या कॅमपर्यंत फिरणं पोचवायला लांब साखळी, पट्टा किंवा गिअरांची रांग लागते. या साखळीकडे पुन्हा यायचं आहे.

एका मोसमाचं गूढ इंजिन

आता माणसांकडे वळू. १९५५मध्ये फ्रान्समधल्या ल माँ इथे गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर शर्यतींकडे बघायची नजर बदलली आणि १९५७मध्ये अमेरिकन कारकंपन्यांच्या संघटनेने ठरवलं की कोणीही शर्यतींना मदत करायची नाही. ठराव झाला, पण मागच्या दाराने सुटे भाग जातच राहिले. 'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे गणित सगळ्यांनाच ठाऊक होतं. १९६२मध्ये फोर्डने हा संकोच उघडपणे सोडला.

जनरल मोटर्सने उलट केलं. जानेवारी १९६३मध्ये वरून हुकूम आला: शर्यती बंद. पण तोवर तिच्याच शेवरले या शाखेत डिक कीनाथ या इंजिनिअरचं एक नवं ४२७ घन इंची इंजिन तयार झालं होतं. त्यात व्हॉल्व्ह ना एका ओळीत ना पूर्ण समोरासमोर. ते वेगवेगळ्या कोनांत कललेले होते, जणू साळिंदराचे काटे. पुशरॉडच, पण दारांची जागा हुशारीने बदललेली. यातली मोजकी इंजिनं फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या डेटोनाला, नास्कारच्या सर्वांत मानाच्या शर्यतीला पोचली आणि पात्रतेच्या दोन्ही शर्यती ज्युनिअर जॉन्सन आणि जॉनी रदरफर्ड यांनी त्यांच्यावर जिंकल्या. बाजारात न दिसलेलं हे इंजिन आलं कुठून म्हणून पत्रकारांनी नाव ठेवलं 'मिस्टरी मोटर', गूढ इंजिन. मुख्य शर्यतीत मात्र पहिल्या पाचही जागा फोर्डने नेल्या. त्यानंतर शेवरले खरोखरच मैदानातून बाजूला झाली.

हे इंजिन मेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

डेटोना, २३ फेब्रुवारी १९६४

क्रायस्लरला हेमी नवीन नव्हतं, १९५१पासून त्यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांत ते होतं आणि महाग पडतं म्हणून बंदही झालं होतं. १९६४च्या डेटोनासाठी टॉम हूव्हर आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा काढलं, या वेळी ४२६ घन इंचांत. शर्यतीला काही आठवडे उरलेले असताना चाचणीत ब्लॉकमधल्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यातल्या, सिलिंडरच्या भिंतींना तडे जायला लागले. भिंती जाड ठेवून नवे ब्लॉक ओतावे लागले. शेवटच्या आठवड्यात पत्रिका छापखान्यातून परत आणल्यासारखी धावपळ.

मग शर्यत झाली. पहिला रिचर्ड पेटी, दुसरा जिमी पार्ड्यू, तिसरा पॉल गोल्डस्मिथ. तिघांच्याही गाड्या क्रायस्लरच्या प्लिमथ, तिघांतही हेमी. दोनशे फेऱ्यांपैकी १८४ फेऱ्यांत पेटीच पुढे होता. आदल्या वर्षी या ट्रॅकवर पहिल्या जागेसाठीचा वेग ताशी १६१ मैल, म्हणजे २५९ किलोमीटर होता. १९६४मध्ये गोल्डस्मिथने तो १७५ मैलांच्या जवळ, २८१ किलोमीटरवर नेला. एका वर्षात ताशी बावीस किलोमीटर! टायर मात्र जवळजवळ जुनेच होते. हे वाक्य पुढे लागेल.

नव्वद दिवस आणि सात फुटी साखळी

फोर्डकडे तेव्हा ४२७ घन इंचांचं वेज इंजिन होतं, मजबूत आणि परखलेलं. पण हेमीपुढे त्याचा श्वास अपुरा पडत होता. नवं इंजिन मुळापासून बनवायला वर्षं लागतात. मग फोर्डच्या इंजिनिअरांनी खालचं शरीर तेच ठेवलं आणि डोकं बदललं. नवीन हेड, त्यात हेमीसारखा घुमट, आणि त्यावर पुशरॉड काढून टाकून प्रत्येक बाजूला एक ओव्हरहेड कॅम. घाईत झालेल्या या कामाला 'नव्वद दिवसांचा चमत्कार' असं टोपणनाव पडलं. इंजिन ओळखलं जातं ते मात्र 'कॅमर' या नावाने.

पोटातल्या जुन्या कॅमच्या जागी आता काही नको होतं. पण त्याच दांड्यावरून ठिणगीचा वितरक आणि तेलाचा पंपही फिरायचा. म्हणून तिथे एक बिनउंचवट्याचा आखूड दांडा बसवला, जणू निवृत्त माणसाला सोसायटीच्या पाण्याच्या मोटरची जबाबदारी. आणि क्रँकपासून दोन्ही डोक्यांपर्यंत फिरणं पोचवायला गिअरांऐवजी एकच साखळी घातली. लांबी जवळपास सात फूट. माणसापेक्षा लांब साखळी इंजिनाच्या छातीवर नागमोडी फिरते आहे, हे चित्र मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतं.

साखळी लांब म्हणजे ढिलाई आली. आपल्या मोटरसायकलची टायमिंग चेन सैल झाल्यावर सकाळी स्टार्ट करताना जी खडखड येते, ती ऐकलेल्यांना पुढचं लगेच कळेल. साखळी ताणली गेली की एका बाजूच्या डोक्यातला कॅम दुसऱ्याच्या काही अंश मागे पडतो, म्हणजे डाव्या पंगतीला वाढपी वेळेवर येतो आणि उजवीला जरा उशिरा. मिस्त्री लोकांनी यावर युक्ती काढली होती: बसवतानाच दोन्ही कॅम मुद्दाम काही अंशांनी वेगळे लावायचे, म्हणजे पळताना ताण आला की ते बरोबर जुळतील.

एवढ्या जुगाडानंतरही एका कार्बोरेटरवर ६१६ आणि दोन कार्बोरेटरवर ६५७ अश्वशक्ती हे फोर्डचे जाहीर आकडे होते. गाडीबाहेर, टेबलावर मोजलेली ताकद आहे ही. गाडीत बसवून, पंखा-सायलेन्सर लावून मोजली असती तर कमी भरली असती. तरी १९६४ सालासाठी आकडा घाबरवणारा होता.

घाबरवण्यासाठीच बनवलेलं इंजिन

क्रायस्लर घाबरली का? तिने आणखी मोठं काहीतरी पुढे केलं. ए-९२५ या सांकेतिक नावाखाली हेमीवर नवं डोकं: प्रत्येक बाजूला एक नव्हे, दोन ओव्हरहेड कॅम, सिलिंडरमागे दोन नव्हे, चार व्हॉल्व्ह, आणि साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टे. फोर्ड झाडावर चढली तर हे थेट फांदीवर दोन माणसं बसवून चारही हातांनी आंबे काढणं झालं.

याला नाव पडलं 'डूम्सडे', कयामतीचं इंजिन. सांगतात की क्रायस्लरच्या लोकांनी ते नास्कारवाल्यांना नेऊन दाखवलं. चालू स्थितीतलं नव्हतंच ते. चाचणीच्या टेबलावर विजेच्या मोटरने फिरवून व्हॉल्व्ह नीट हलतात का एवढंच तपासलं गेलं, स्वतःच्या पेट्रोलवर ते धावलं नाही. दाखवण्यामागचा अर्थ मला तरी स्वच्छ दिसतो: फोर्डच्या इंजिनाला परवानगी द्याल तर उद्या हे येईल, मग परवा काय येईल ते तुम्हीच ठरवा. बुद्धिबळात घोडा हलवतात तसं इंजिन हलवलं.

मग बंदी घातली तर काय चुकलं?

त्या वर्षाची दुसरी बाजू बघितल्याशिवाय नास्कारचे प्रमुख बिल फ्रान्स यांना दोष देता येत नाही. जानेवारी १९६४मध्ये आदल्या दोन वर्षांचा नास्कार-विजेता, जो वेदरली नावाचा चालक, शर्यतीत मरण पावला. मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स आगीत होरपळला आणि २ जुलैला वारला. सप्टेंबरमध्ये टायरची चाचणी घेताना जिमी पार्ड्यू गेला, तोच पार्ड्यू जो फेब्रुवारीत डेटोनाला दुसरा आला होता. या सगळ्या मृत्यूंना हेमी कारण होतं असं नाही, पण टायरपेक्षा इंजिन पुढे पळतंय हे सगळ्यांना दिसत होतं.

ऑक्टोबर १९६४मध्ये नास्कारने १९६५चे नियम जाहीर केले: हेमी बंद, ओव्हरहेड कॅम बंद. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेलं, दुकानात न मिळणारं इंजिन चालणार नाही. इथे कळीचा शब्द आला, 'होमोलोगेशन'. म्हणजे एखादी गोष्ट खरोखर विक्रीला आहे, पुरेशा संख्येने बनली आहे, अशी नोंद करून तिला शर्यतीत मान्यता देणं. फ्रान्स यांचा धंदाच त्या समजुतीवर उभा होता. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे की समोर पळतेय ती माझीच गाडी.

क्रायस्लरने १९६५वर बहिष्कार टाकला. पेटी ड्रॅग रेसिंगकडे, म्हणजे सरळ पट्ट्यावर पाव मैल पळायच्या शर्यतीकडे, वळला. त्याच्या छोट्या बॅराकुडा गाडीवर मोठ्या अक्षरांत 'आउटलॉड' लिहिलं होतं, म्हणजे हद्दपार. फेब्रुवारी १९६५मध्ये जॉर्जियातल्या एका पट्ट्यावर ती गाडी प्रेक्षकांत घुसली आणि आठ वर्षांचा एक मुलगा गेला. इंजिनांचं भांडण कागदावर वाचताना ही ओळ आली की मी थांबतो.

इकडे नास्कारमध्ये त्या वर्षी ५५पैकी ४८ शर्यती फोर्डने जिंकल्या. समोर कोणीच नसताना जिंकणं बघायला तिकीट कोण काढणार? स्टँड ओस पडायला लागले आणि वर्ष संपायच्या आत नियम सैल झाले.

मग क्रायस्लरने ते केलं जे नियमाला हवं होतं: १९६६साठी हेमी शोरूममध्ये आणलं. 'स्ट्रीट हेमी', कोणीही पैसे मोजून घ्यावं. पेटी परतला आणि १९६६चं डेटोना पुन्हा जिंकला. आता रुसायची पाळी फोर्डची. कॅमर तिने काउंटरवरून विकलं, पण कुठल्याच गाडीत कारखान्यातून बसवून आणलं नाही. नास्कारने अट घातली: वापरा, पण जवळपास दोनशे किलोंचं जादा ओझं घेऊन. फोर्ड चिडून बाहेर पडली आणि काही महिन्यांनी जुन्याच पुशरॉड इंजिनासह परतली. कॅमर नास्कारमध्ये कधीच पळालं नाही.

पण ओव्हरहेड कॅम तर जुनंच होतं ना?

हा आक्षेप बरोबर आहे आणि मला तो सगळ्यांत जास्त आवडतो. दोन ओव्हरहेड कॅम आणि सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह हे प्युजोने १९१२मध्येच फ्रान्समध्ये शर्यतीत पळवलं होतं. अमेरिकेतच इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत तर अशी इंजिनं दशकानुदशकं राज्य करत होती. एवढंच काय, ज्या वर्षी डेटोनाला फोर्डच्या ओव्हरहेड कॅमला दार बंद होतं, त्याच १९६५मध्ये इंडियानापोलिसला जिम क्लार्कने लोटसच्या गाडीत फोर्डचंच दोन-दोन ओव्हरहेड कॅमचं इंजिन घेऊन शर्यत जिंकली. एकच कंपनी, एकच देश, एकच वर्ष. इंडियानापोलिसची गाडी शोरूममधली आहे असं ढोंग कोणीच करत नव्हतं, म्हणून तिथे हरकत नव्हती.

म्हणजे तंत्र बेकायदा नव्हतं. 'ही तुमचीच गाडी आहे' या गोष्टीत ते बसत नव्हतं, इतकंच. आणि ती गोष्टही किती ताणायची, याला मर्यादा नव्हती. १९६९मध्ये फोर्डने बॉस ४२९ हे इंजिन काढलं. मान्यतेसाठी पाचशे विकायला हवी होती. ती विकली मस्टँग या गाडीत, शर्यतीत पळवली टोरिनो या दुसऱ्याच गाडीत. इंजिन दुकानात मिळतं, गाडी दुकानात मिळते, ते इंजिन त्या गाडीत दुकानात मिळत नाही. नास्कारने मान डोलावली! लग्नात मुलगा दाखवला एक आणि बोहल्यावर उभा केला दुसरा, तरी दोघेही त्याच घरातले म्हणून चालवून घेतल्यासारखं.

मग एवढा पैसा पाण्यात गेला?

भाच्याचा हा पुढचा प्रश्न. सगळा नाही. शेवरलेच्या त्या गूढ इंजिनाची साळिंदरी डोकी १९६५मध्ये ३९६ घन इंची इंजिनातून रस्त्यावर आली आणि 'बिग ब्लॉक' म्हणून पुढे कित्येक वर्षं ट्रकपासून बोटींपर्यंत सगळीकडे बसली. एका मोसमापुरत्या इंजिनाला एवढा मोठा संसार क्वचितच लाभतो.

कॅमरला ड्रॅग रेसिंगने आसरा दिला. कॉनी कलिटाने १९६७मध्ये पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या ड्रॅग शर्यतीत सर्वांत वरच्या गटात त्याच्यावरच बाजी मारली. पण सुटे भाग कमी, किंमत जास्त, सात फुटी साखळीचे लाड वेगळे, आणि शेजारी हेमी स्वस्तात मुबलक. ताकदीत तोडीस तोड असूनही कॅमर तिथेही मागे पडलं. आज खरं कॅमर दिसलं तर ते बहुधा संग्राहकाच्या दिवाणखान्यात, चकचकीत स्टँडवर.

कयामतीचं इंजिन तर कुठेच गेलं नाही. पण ते ज्या कामासाठी बनलं होतं, समोरच्याला थांबवण्यासाठी, ते काम त्याने न धडधडता केलं असं म्हणायला जागा आहे.

आणि आता?

गंमत अशी की टॉप फ्युएल या ड्रॅग रेसिंगच्या सर्वांत वरच्या गटात आजही ५०० घन इंचांची इंजिनं पळतात, दहा हजारांहून जास्त अश्वशक्तीची, आणि त्यांची मूळ घडण ४२६ हेमीची आहे. कॅम पोटातच, सळ्या तशाच.

नास्कारमध्येही तेच. वरच्या मालिकेत आजसुद्धा पुशरॉडचंच व्ही-एट लागतं. टोयोटाला तिथे उतरायचं होतं तेव्हा तिच्या शोरूममध्ये पुशरॉडचं एकही व्ही-एट नव्हतं. मग तिने फक्त शर्यतीसाठी, कुठेही विकायचं नसलेलं एक पुशरॉड इंजिन नव्याने बनवलं. १९६४मध्ये 'दुकानात मिळत नाही' म्हणून इंजिन बाद झालं होतं. चाळीस वर्षांनी दुकानात न मिळणारं इंजिन मुद्दाम बनवल्याशिवाय प्रवेशच नव्हता.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाचा खाली गेला, स्कूटरला स्टार्टर मारला. शंभराहून थोड्या जास्त सीसीची, रोज कॉलेजला नेणारी. तिच्या एका सिलिंडरच्या डोक्यावर एक कॅम आहे, वीतभर साखळीने फिरणारा. गॅलरीतून मी त्याला ओरडून सांगितलं की ही नास्कारला चालणार नाही. "का?" म्हणाला. "कॅम वर आहे."